अर्ध्या डोंगराचे फोटो

नंदुरबार

लॉजच्या मॅनेजरने रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं आणि विचारलं, "मॅडम, एकट्याच?" मागच्या खेपेलाही काउंटरवर हेच गृहस्थ होते आणि पेन असाच सुतळीने टेबलाला बांधलेला होता. तेव्हा त्यांनी "दोघीच?" असं विचारलं होतं. बायका कितीही असोत, या माणसाला कमीच वाटतात. मी म्हटलं, "दुसऱ्या मॅडम उद्या येतायत." असं का म्हटलं ते मलाही सांगता येणार नाही. शैला उद्या येणार नव्हती, परवाही येणार नव्हती, आणि तिने तसं स्पष्ट कळवलंही होतं.

शैला आणि मी जळगावच्या एका पतपेढीत शेजारशेजारच्या काउंटरला बसायचो. ती विधवा, मी लग्नाच्या भानगडीत न पडलेली. फोटोंचं वेड दोघींना उशिरा लागलं आणि लागलं ते चांगलंच लागलं. एकाच कंपनीचे दोन वापरलेले कॅमेरे घेतले. कॅमेरा घेतला की काम झालं असं ज्याला वाटतं, त्याने लेन्सच्या किमती पाहिलेल्या नसतात. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या साध्या लेन्स एका पावसाळ्यात ओल्या पिशवीत तशाच राहिल्या आणि त्यांच्या काचेला आतून बुरशी धरली. आता नवीन काय घ्यायचं यावर आम्ही जेवणाच्या कितीतरी सुट्ट्या खर्ची घातल्या. डोंगरात फिरणाऱ्याला दोन लेन्स हव्यात. एक रुंद, जिच्यात पायापाशी असलेल्या दगडापासून आभाळापर्यंत सगळं मावतं. दुसरी लांब, जी पलीकडच्या धारेवरचं झाड ओढून जवळ आणते. एकीच्या पगारात दोन्ही बसत नव्हत्या, म्हणून वाटणी केली. रुंद तिने घेतली, लांब मी. कॅमेरे एकाच जातीचे, त्यामुळे अदलाबदल करता यायची. कुठेही गेलो की आधी आपापली लेन्स, मग चहा, मग दुसरीची.

ती म्हणायची, "तू डोंगर कापतेस." मी म्हणायचे, "तुझ्या फोटोत डोंगर अख्खा असतो, पण उंदराएवढा." दोघींचंही खरं होतं. रुंद लेन्स सगळं घेते आणि सगळं लहान करते.

माझ्या लेन्समध्ये अख्खा डोंगर बसवायची एक युक्ती आहे. पैसे कमी असणाऱ्यांनी ती जरूर शिकावी. कॅमेरा उभा धरायचा आणि डावीकडून उजवीकडे, एकमेकांवर थोडे चढतील असे फोटो काढत जायचं. मग कॉम्प्युटरवर ते तुकडे जोडले की अख्खा देखावा तयार. तुकडे काढायचं काम माझं, जोडायचं शैलाचं, कारण कॉम्प्युटरपुढे बसायचा संयम मला नाही. ती त्याला गोधडी म्हणायची. गोधडीत कधीकधी गंमत व्हायची. पहिल्या तुकड्यात डावीकडे असलेला माणूस, मी शेवटच्या तुकड्यापर्यंत पोचेपर्यंत चालत उजवीकडे यायचा आणि जोडलेल्या फोटोत दोनदा दिसायचा. त्यातला एक शैला पुसून टाकायची.

मग ती निवृत्त झाली आणि नातवाला सांभाळायला मुलाकडे पुण्याला गेली. आधी म्हणाली, थोड्या दिवसांसाठी. मग म्हणाली, तो शाळेत जायला लागेपर्यंत. नंतर तिने काही म्हणायचं सोडलं आणि मी विचारायचं. भांडण झालं असतं तर बरं होतं, मिटवता तरी आलं असतं. माझ्या कॅमेऱ्यात न जोडलेले तुकडे साठत गेले.

लॉजच्या खोलीत पंखा लावून बसले, तोवर तिचा मेसेज आला. "अगं, रुंद लेन्स विकायला काढलीय. नुसती पडून आहे. रविवारी एक मुलगा बघायला येणार आहे. तुला हवी असेल तर त्याआधी सांग, तुला कमीत देईन."

मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. राग कशाचा आला हे लगेच कळलं नाही. विकतेय याचा कमी आला, "तुला कमीत देईन" याचा जास्त. मी घेतली असती तर दोन्ही लेन्स माझ्या झाल्या असत्या आणि मग वाटणी संपली. नाही घेतली तर ती कुणा परक्या पोराच्या पिशवीत जाणार, म्हणजे तेव्हाही संपलीच. उत्तर न देता मी फोन पालथा ठेवला आणि जेवायला बाहेर पडले. शेवभाजी तिखट होती, एवढंच त्या जेवणातलं आठवतं.

मिरचीची पथारी

सकाळी गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्यांवर गेले. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगते, इथे मिरची वाळत घालतात ती अंगणात किंवा गच्चीत नाही, शेतंच्या शेतं लाल करून टाकतात. आमच्याकडे पापड वाळत घालून काठी घेऊन बसतात, इथे मिरचीला राखण लागत नाही. कावळासुद्धा येत नाही. तोंडाला फडकी गुंडाळलेल्या बायका रांगेने बसून मिरची निवडतात आणि सूर्य वर यायच्या आत अर्धं काम उरकतात.

पथारीवर देखरेख करणारा माणूस मला पाहून जवळ आला. तो जवळच्या कोरीट गावचा, मागच्या वेळीही भेटला होता.

"ताई, तोंडले रुमाल बांधी ल्या, ठसका लागी," तो म्हणाला. "मांगे दोन जण्या व्हत्यात ना तुम्ही?"

"हो. तिची तब्येत बरी नाही."

"काय व्हयनं?"

"गुडघे," मी म्हटलं. हे निदान अर्धं खरं होतं.

"मन्ही मायना गुडघा बी असाच दुखतस. तेल लावाले सांगा तिले."

सांगते म्हटलं आणि कामाला लागले. लांब लेन्सचं दुखणं असं की तिच्यात काही बसवायचं तर मागे सरकावं लागतं. शैलाने जागेवर उभं राहून अख्खी पथारी, बायका, आभाळ सगळं एका दमात घेतलं असतं. मी डोळा कॅमेऱ्याला लावून मागे सरकत राहिले. दोन हात दिसले, मग चार हात, मग एक रांग, आणि पुढच्या पावलाला मी मिरचीच्या ढिगात बसले.

बायका हसल्या. तोंडं झाकलेली, त्यामुळे नुसते डोळे आणि खांदे हसत होते. एकीने उठून मला हाताने ओढून काढलं आणि माझ्या साडीची मागची बाजू झटकून दिली, जशी पोराची चड्डी झटकतात. मीही हसले. पण त्या पुन्हा आपल्या रांगेत जाऊन बसल्या, आपसात काही बोलल्या, पुन्हा हसल्या, आणि मी आपली रस्त्याच्या कडेला उभी. हे ज्याला सांगायचं ते माणूस सोबत नव्हतं. शैला असती तर हा किस्सा पुढची दहा वर्षं पुरला असता. अंगाची आग मात्र संध्याकाळपर्यंत झाली.

शहादा

शहाद्याला बस बदलायची होती. स्टँडजवळ एक फोटो स्टुडिओ दिसला, बाहेर नवरानवरींचे मोठे फोटो लावलेले. सहज म्हणून आत शिरले आणि विचारलं, वापरलेली लेन्स आहे का. मालकाने कपाटातून एक साधी लेन्स काढून दिली, कॅमेऱ्याबरोबर मिळते तसली.

वापरलेली लेन्स कशी बघायची तेही लिहून ठेवते. मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने काचेत टाकायचा आणि पुढून बघायचं. थोडी धूळ असली तर घाबरायचं नाही, पण कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं की हात जोडून बाहेर पडायचं. मग रिंग फिरवून बघायची, अडकते का, करकरते का. मग आपल्याच कॅमेऱ्यावर लावून दाराची चौकट काढायची आणि कोपरे मोठे करून तपासायचे.

ही लेन्स मी सगळ्या बाजूंनी तपासली. काच स्वच्छ, रिंग मऊ, कोपरे ठीक. डोंगर काढायला पुरेशी रुंद. किंमतही माझ्या आवाक्यातली. ज्या कुणाला खरंच सल्ला हवा असेल त्याने हीच घ्यावी, नवीन रुंद लेन्सच्या नादाला लागू नये, आणि उरलेल्या पैशांत कॅमेरा ठेवायला एक दणकट तिकाटणं, म्हणजे ट्रायपॉड, घ्यावं.

"लगनना सीझनमा याच लेन्सवर काम करेल शे," मालक म्हणाला. "ली जा, ताई. काही खोट नही."

खोट नव्हतीच. मी ती त्याच्या काउंटरवर परत ठेवली आणि म्हटलं, "रिंग जरा घट्ट वाटतेय." त्याने रिंग फिरवून पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि लेन्स कपाटात ठेवून दिली. बाहेर आल्यावर मला माझीच लाज वाटली. लेन्सचा प्रश्न तिथेच, त्या काउंटरवर सुटत होता, आणि तो मला सोडवायचाच नव्हता.

ब्राह्मणपुरी

ब्राह्मणपुरीला कमलताई राहतात, शैलाची मावसबहीण. आम्ही दोघी दर खेपेला त्यांच्याकडेच उतरायचो. या वेळी जावं की नाही, असा विचार मनात येऊन गेला, पण गावाला फाटा देऊन गेले असते तर त्यांना दुसऱ्या दिवशी कळलंच असतं.

कमलताई दारातच उभ्या होत्या. "ये, ये. एकलीच उनी?" मग माझ्यामागे रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "शैला नही उनी?"

इथे खोटं बोलून भागणार नव्हतं. "नाही आली."

"आते तिले नातू शे ना. ती कसाले ई?" त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. "जेवी ले पहिले."

जेवण ओट्यावर झालं. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांगं. समोर पपईची बाग आणि बागेच्या डोक्यावरून सातपुडा. उन्हं उतरली की या डोंगराच्या धारा एकामागे एक सुट्या होतात, पुढची गडद, मागची तिच्याहून फिकी, त्यामागची जवळजवळ आभाळाच्याच रंगाची. हा फोटो लांब लेन्सचाच. रुंद लेन्स या धारा दूर लोटून त्यांची एक बारीक रेघ करून टाकते, लांब लेन्स त्यांना एकमेकींना चिकटवून उभं करते. मी तिकाटणं लावून बराच वेळ काढत राहिले. चांगले आले, असं मला वाटलं. दुसरं मत विचारायला कोणी नव्हतं.

तेवढ्यात कमलताईंनी शैलाला व्हिडिओ कॉल लावला. मला न विचारता. मी हातानेच नको नको केलं आणि कॅमेऱ्यामागे वाकले. फोनमधून आधी लहान मुलाचं रडणं आलं, मग शैलाचा आवाज. किती दिवसांनी ऐकला. जरा दमलेला वाटला.

"आली का ती?"

"उनी ना."

"काय करतेय?"

कमलताईंनी माझ्याकडे पाहिलं. "डोंगर देखी ऱ्हायनी."

"तिला म्हणावं, मेसेजचं उत्तर दे. रविवारी तो मुलगा येणार आहे." मग पलीकडे भांडं पडल्याचा आवाज झाला, शैला "अरे अरे" म्हणाली आणि फोन बंद झाला.

कमलताईंनी फोन मांडीवर ठेवला. "तुम्हनं भांडण व्हयनं का?"

"नाही."

"मंग बोलत का बरं नही?"

मी म्हटलं, फोटो चालले आहेत, उजेड जाईल. त्या उठून आत गेल्या. उजेड तसाही गेलाच होता.

काठीच्या वाटेवर

शनिवारी अक्कलकुव्याहून रोहिदासच्या जीपने वर निघाले. रोहिदास काठी गावाजवळच्या एका पाड्यावरचा, तिशीतला, अक्कलकुवा ते मोलगी अशी जीप चालवतो. मागे काठीच्या होळीला आलो तेव्हा आम्हाला यानेच नेलं होतं. कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधलेले, डोक्यावर मोरपिसांचे टोप घातलेले नवसाचे बुवे, ढोल, आणि त्या सगळ्यांना कोपराने ढोसत पुढे घुसणारे हातभर लेन्सवाले शहरी फोटोग्राफर. शैला म्हणाली होती, पुन्हा यायचं ते होळी झाल्यावर, गाव शांत असताना. तिचं ऐकून मी होळी झाल्यावर आले होते, तिच्याशिवाय.

देवगोईचा घाट चढताना पळस फुललेला होता.  रोहिदास रस्त्यावरून नजर न काढता म्हणाला, "त्या दुसऱ्या मॅडम... आहेत ना?"

मला प्रश्न कळायला क्षणभर लागला. मी गाडीत बसल्यापासून शैलाचं नाव काढलं नव्हतं, आणि माणसाचं नाव कधी काढत नाहीत ते त्याला माहीत होतं.

"आहेत, आहेत," मी घाईने म्हटलं. "पुण्याला आहेत. मुलाकडे."

"मग ठीक. बाहेर गेलेला माणूस होळीला येतोच."

"होळी तर झाली."

यावर त्याने गिअर बदलला आणि काही बोलला नाही. का बोलला नाही ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

मुक्काम त्याच्याच घरी होता. त्याची आई सुरमीबाई घरात भिलीत बोलते, माझ्याशी तोडक्या मराठीत. जेवायला उडदाची डाळ आणि मक्याची भाकरी. आमच्याकडे जळगावला उडीद ज्वारीतच दळून कळण्याची भाकरी करतात, इथे दोन्हींचा संसार वेगळा. मी हे सांगितलं तर सुरमीबाई म्हणाली, "मग डाळ कशाची?" घराच्या वळचणीला होळीचे दोन भोपळे टांगलेले होते. फोनला रेंज नव्हती. रात्र मी समोरच्या डोंगराच्या उतरणीकडे बघत काढली, झोप नीट लागली नाही.

मोहाखाली

रविवारी पहाटे सुरमीबाईने मला हाक मारली आणि आम्ही मोहाकडे गेलो. झाड नाल्याच्या काठावर, एकटं, दोन माणसांच्या कवेत न मावणारं. होळीच्या सुमाराला मोह गळायला लागतो. त्याआधी झाडाखालचा पालापाचोळा जाळून टाकतात, म्हणजे खाली पडलेलं फूल दिसतं. त्यामुळे झाडाखाली काळं रिंगण झालेलं होतं आणि त्यावर फिकी पिवळी फुलं टपटप पडत होती. वास गोड आणि जड. मागे डोंगराची उतरण, तिच्यावर ऊन अजून आलेलं नव्हतं.

हा रुंद लेन्सचा फोटो होता. जमिनीला टेकून, काळ्या रिंगणाच्या कडेला ठेवून काढला असता तर फुलं, झाड, डोंगर, आभाळ, सगळं आलं असतं. माझ्याकडे फांदी येत होती किंवा बुंधा येत होता. मागे सरकत नाल्यात उतरले, पलीकडच्या दगडावर चढले, तरी झाड मावेना. शेवटी तिथेच तिकाटणं लावलं आणि गोधडीचे तुकडे काढायला लागले. सवयीने. जोडायला कोणी नाही हे माहीत असूनही.

सुरमीबाई रिंगणाच्या डाव्या कडेला वाकून वेचत होती. माझं काम होईपर्यंत ती सरकत सरकत बुंध्याच्या उजवीकडे गेली. मग मी कॅमेरा ठेवून तिच्याजवळ गेले आणि वेचू लागले.

थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, ती दोन ढीग करत होती. एक टोपलीत, एक बाजूला कापडावर. मी माझी ओंजळ टोपलीत टाकायला गेले तर तिने हात धरला आणि कापडाकडे दाखवलं.

"आता तिकडे. ते मोगीचं."

"मोगी कोण?"

"माझी जाऊ. झाड दोघींचं आहे. सासऱ्याने वाटून दिलंय."

"कुठे आहे ती?"

"गुजरातला. उसाला. दिवाळीला गेली." तिने एक फूल उचलून त्यातली मुंगी फुंकरीने उडवली. "दर होळीला येते. या होळीला नाही आली."

रोहिदास घाटात गप्प का झाला ते मला तेव्हा कळलं.

"आणि नाहीच आली तर? या ढिगाचं काय?"

"नाही आली तर पावसाळ्यात आम्हीच खाऊ."

"मग वेगळा कशाला काढायचा?"

सुरमीबाईने माझ्याकडे पाहिलं. काही तरी समजावून सांगावं लागेल असं तिला वाटलं असावं, पण काय ते सुचेना. "वाटा आहे ना तिचा," ती म्हणाली. मग टोपली पुढे सरकवून, "आली आणि विचारलं, तर काय सांगू? सगळं माझंच होतं?"

मी माझी ओंजळ कापडावर टाकली आणि नंतरच्याही तिथेच टाकत राहिले.

परत येऊन दगडावर बसले आणि फोन काढून शैलाला लिहिलं, "लेन्स विकू नकोस. मी विकत घेणार नाही आणि तूही विकायची नाही. ती तुझ्या वाट्याची आहे, पडून राहिली तरी तुझ्याकडेच राहू दे." पाठवायचं बटण दाबलं. रेंज नव्हती. फोन हातात उंच धरून मी टेकाडावर चढले, जिथे गावातली माणसं बोलायला जातात, आणि तिथेही मेसेजपुढचं ते लहान घड्याळ काही हलेना. पुण्यात लेन्स बघायला येणारा तो मुलगा अजून झोपला असेल, असं मी स्वतःला समजावलं. रोहिदासला म्हटलं, आत्ता निघू या. त्याने सवारी भरायची वाट न बघता जीप काढली. घाटात पळस तसाच फुललेला होता, मी बाहेर पाहिलं नाही.

अक्कलकुवा

अक्कलकुव्याच्या अलीकडेच फोन थरथरला. माझा मेसेज गेला, आणि त्याच क्षणी तिचा आधीचा आला.

"गेली गं लेन्स. मुलगा सकाळीच आला होता. चांगला वाटला. डोंगरांचेच काढतो म्हणाला."

मग माझा मेसेज वाचून तिने लिहिलं, "अगं, हे कालच का नाही सांगितलंस?"

मी जीपमध्ये बसून होते. रोहिदासने बाहेरून चहा आणून दिला आणि समोरच्या टपरीवर जाऊन उभा राहिला. मला रडू आलं आणि मी रडले. बाजाराचा दिवस होता, माणसं येत जात होती, एका म्हातारीने खिडकीतून डोकावून पाहिलं आणि पुढे गेली. तीन बाय चार इंचांच्या काचेच्या नळीसाठी एवढं रडणारी बाई तिने पाहिली नसेल. मीही पाहिली नव्हती.

जळगाव

घरी आल्यावर काही दिवस कॅमेरा पिशवीतून काढला नाही. मग एका सुट्टीच्या दिवशी फोटो उतरवून घेतले. ब्राह्मणपुरीच्या धारा खरंच चांगल्या आल्या होत्या. पथारीचा एकच बरा होता, चार हातांचा. मोहाचे तुकडे मात्र नुसते तुकडे होते, फांदी, बुंधा, काळी जमीन, डोंगराचा कोपरा.

ते सगळे मी शैलाला पाठवून दिले. खाली लिहिलं, "जोडायचं काम तुझं आहे. ते तू कुणाला विकलेलं नाहीस."

उत्तर आलं नाही. दोन्ही खुणा निळ्या झाल्या, म्हणजे तिने वाचलं होतं. दुसऱ्या दिवशीही काही नाही. नातू आजारी असेल, मुलाचा कॉम्प्युटर मोकळा नसेल, किंवा तिला राग आला असेल, असं मी एकेक धरून सोडत होते. पतपेढीत तिच्या जुन्या काउंटरला आता एक नवीन मुलगी बसते. तिने विचारलं, "मॅडम, बरं नाही का?" मी म्हटलं, "गुडघे."

आठवडा संपता संपता फोन वाजला. आधी फोटो आला. मी तो मोठा करून पाहिला. अख्खं झाड होतं. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत, खाली काळं रिंगण, मागे डोंगराची पूर्ण उतरण, कुठेही न कापलेली. जोड कुठे आहे ते शोधूनही सापडत नव्हता. तिने वेळ दिला होता त्याला.

आणि झाडाखाली दोन बायका होत्या. डावीकडे एक वाकून वेचत होती, उजवीकडे दुसरी. एकाच रंगाचं लुगडं, एकमेकींकडे पाठ, आणि दोघींच्या मधे कापडावरचा ढीग.

खाली शैलाचा मेसेज होता. "बाई दोनदा आलीय बघ. एक पुसू का?"

मी लिहिलं, "नको. दुसरी मोगी आहे. तिची जाऊ. झाड दोघींचं आहे, पण ती या होळीला येऊ शकली नाही."

बराच वेळ फोनवर "लिहीत आहे" असं दिसत राहिलं, बंद झालं, पुन्हा दिसलं. शेवटी आलं ते एवढंच.

"मग राहू दे. एकटीने किती वेचणार."